हीटर थंड हवा फेकू लागला, तर आधी इंजिनाकडे पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर उतरला की आपल्या दैनिकात द्राक्षबागांमध्ये पेटवलेल्या शेकोट्यांची छायाचित्रे येतात, आणि ती यायलाच हवीत, कारण आमच्या तालुक्याचे वर्षभराचे गणित त्या मण्यांवर उभे असते. त्याच दिवसांत माझ्या दारात मात्र वेगळीच तक्रार घेऊन माणसे येतात. नात्यातले कोणी, शेजारपाजारचे कोणी, कधी माझा एखादा जुना विद्यार्थी मोटार घेऊन येतो आणि सांगतो की, हीटरचा नॉब लाल खुणेपर्यंत फिरवला, ब्लोअर पूर्ण जोरात लावला, अर्धा तास गाडी चालवली, तरी आतून गारच हवा येते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोटार मेकॅनिकच्या वर्गाला शिल्पनिदेशक म्हणून मी २७ वर्षे शिकवले आणि आता निवृत्त आहे. या तक्रारीच्या मुळाशी जे कारण मला पुन्हा पुन्हा सापडते, त्याची चर्चा वृत्तपत्रांच्या वाहनविषयक पुरवण्यांत क्वचितच दिसते, म्हणून हे पत्र लिहीत आहे. पत्र थोडे लांबले आहे, पण विषयच तसा आहे.

‘आपल्याकडे हीटर लागतोच कुठे?’ हे वाक्य मी गॅरेजमध्ये, पेट्रोल पंपावर, लग्नाच्या मांडवात असंख्य वेळा ऐकले आहे. वरवर पाहता त्यात वावगे काहीच नाही, कारण महाराष्ट्रातल्या बहुतेक भागांत वर्षातून जेमतेम महिनाभर हीटरची आठवण होते. परंतु याच वाक्याच्या आधाराने इंजिनातला एक अत्यावश्यक भाग काढून टाकला जातो, आणि मोटारीच्या मालकाला त्याचा पत्ताही नसतो. तो भाग म्हणजे थर्मोस्टॅट, ज्याला गॅरेजच्या बोलीत नुसते ‘वॉल’ म्हणतात. ‘वॉल काढून टाकला, आता गाडी कधी गरम होणार नाही,’ असे कारागीर अभिमानाने सांगतो आणि गिऱ्हाईक समाधानाने घरी जाते. हा प्रकार थांबला पाहिजे, एवढेच मला प्रामुख्याने सांगायचे आहे.

मोटारीतल्या एसीला स्वतःचा कॉम्प्रेसर असतो, तसे हीटरला स्वतःचे काही नसते. इंजिनात पेट्रोल किंवा डिझेल जळून जी उष्णता तयार होते, तिच्यातला लहान हिस्साच चाकांपर्यंत पोहोचतो. बराचसा हिस्सा सायलेन्सरवाटे निघून जातो आणि तसाच मोठा हिस्सा इंजिनाभोवती फिरणारे कूलंट, म्हणजे इंजिन गार राखणारे द्रव, उचलते. कूलंटची ही ऊब एरवी रेडिएटरमधून वाऱ्यावर जाते; हीटर तिच्यातलाच थोडा भाग आपल्याकडे वळवून घेतो. डॅशबोर्डच्या मागे वहीच्या आकाराचा एक छोटा रेडिएटर बसवलेला असतो, ज्याला मेकॅनिक हीटर कॉइल म्हणतात. गरम कूलंट त्या कॉइलमधून जाते, ब्लोअर तिच्यावरून हवा फुंकतो, आणि ती ऊब आपल्या पायाशी किंवा समोरच्या काचेवर येते. आता थर्मोस्टॅटचे काम पाहा. इंजिन गार असताना तो रेडिएटरकडे जाणारी वाट बंद ठेवतो, त्यामुळे कूलंट फक्त इंजिनात आणि हीटरच्या कॉइलमध्ये फिरत राहते आणि काही मिनिटांत तापते. बऱ्याच मोटारींत ८२ ते ८८ अंश सेल्सिअसच्या दरम्यान तो उघडू लागतो आणि पुढे रस्ता, वेग, चढ आणि हवामान यांप्रमाणे कमी-जास्त उघडून इंजिनाचे तापमान एका पट्ट्यात राखतो. म्हणजे हा वॉल इंजिन गार ठेवण्यासाठी जितका आहे, तितकाच ते पुरेसे गरम ठेवण्यासाठी आहे. ही दुसरी बाजूच आपल्याकडे विसरली जाते.

आता माझ्या घरातलीच हकीकत सांगतो. माझ्या जावयांनी तीन वर्षांपूर्वी एक वापरलेली पेट्रोल मोटार विकत घेतली. गाडी दिसायला नीटनेटकी होती, सर्व्हिसची पुस्तिका होती, टायर बरे होते. डिसेंबरच्या अखेरीस ते, माझी मुलगी आणि सहा वर्षांची नात असे तिघे त्या गाडीने नाशिकहून मनालीला गेले. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये अटल बोगदा सुरू झाल्यापासून आपल्याकडची अनेक कुटुंबे स्वतःच्या मोटारीने त्या बाजूला जातात. सुमारे नऊ किलोमीटरचा तो बोगदा ओलांडला की माणूस थेट लाहौलमध्ये, बर्फात उतरतो. माझ्या मुलीने फोनवर सांगितले की बोगद्यापलीकडे सिस्सूपर्यंतच्या रस्त्यावर हीटरमधून नुसता गार वारा येत होता, नातीचे पाय तिने दोन शालींत गुंडाळून मांडीवर घेतले होते, आणि तिघांच्या श्वासाने समोरची काच आतून इतकी धुरकट झाली होती की जावई एका हाताने स्टिअरिंग धरून दुसऱ्या हाताने रुमालाने काच पुसत होते. एका बाजूला दरी, रस्त्यावर गोठलेल्या बर्फाचा थर, आणि चालकाला समोरचे दिसत नाही. हीटर ही चैन आहे असे म्हणणाऱ्याने या दृश्याचा विचार करावा.

मनालीत परतल्यावर त्यांनी तिथल्या एका मेकॅनिकला गाडी दाखवली. त्याने बोनट उघडले, कूलंटची टाकी पाहिली आणि नंबरप्लेट पाहिली. ‘साहब, वॉल्व निकलवा दिया होगा, मैदान की गाड़ियों में यही मिलता है,’ असे तो म्हणाला. टाकीत कूलंट नव्हतेच, साधे पाणी होते, आणि मनालीत रात्री पारा शून्याखाली होता. पाणी गोठताना फुगते. इंजिनाच्या ब्लॉकमध्ये ते गोठले तर ओतीव लोखंडालाही चीर जाऊ शकते. त्या भल्या माणसाने जेवढे पाणी काढता आले तेवढे काढून कूलंट भरून दिले आणि इंजिन वाचवले. तो वॉल मात्र त्याच्याकडे नव्हता.

गाडी परत आल्यावर मी ती अंगणात घेतली. सुरुवातीला मी तिला हात न लावता नुसती चालवून पाहिली, कारण निम्मे निदान तापमानाच्या काट्यावरच होते. हमरस्त्यावर ऐंशीच्या वेगाने वीस मिनिटे चालवूनही काटा पहिल्या पाव भागाच्या वर गेला नाही. पिंपळगावच्या टोलनाक्याशी रांगेत थांबलो तेव्हा तो थोडा चढला आणि पुन्हा वेग घेताच खाली आला. वेगात काटा पडतो आणि थांबल्यावर चढतो, ही थर्मोस्टॅट उघडा अडकल्याची किंवा मुळात नसल्याचीच खूण आहे. अलीकडच्या अनेक लहान गाड्यांत काटा नसतो, त्याऐवजी इंजिन गार असेपर्यंत एक निळा दिवा लागतो. तो दिवा दहा-पंधरा मिनिटांत विझला नाही, किंवा विझून हमरस्त्यावर पुन्हा लागला, तर अर्थ तोच.

मग बोनट उघडून हीटरकडे जाणारे दोन होज पाईप चाचपले. इंजिन आणि चालकाची केबिन यांच्यामधल्या पत्र्याच्या भिंतीतून हे दोन पाईप आत जातात. एकातून गरम कूलंट कॉइलकडे जाते, दुसऱ्यातून परत येते. इंजिन चांगले तापलेले असताना दोन्ही पाईपांना हलकेच बोट लावून पाहणे ही या दोषाची सर्वांत उपयोगी चाचणी आहे आणि तिला एक रुपयाही लागत नाही. (विजेवर चालणारा रेडिएटरचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू शकतो, म्हणून मफलर, ओढणी आणि बाह्या सावरूनच हात घालावा.) दोन्ही पाईप सारखेच कडक गरम असतील, तर कूलंट आपले काम करीत आहे आणि दोष आतल्या हवेच्या वाटेत आहे. दोन्ही गार असतील, तर गरम कूलंट तिथवर पोहोचतच नाही. एक गरम आणि दुसरा गार असेल, तर कॉइल चोंदली आहे किंवा वाटेतला हीटरचा कॉक, म्हणजे कूलंट सोडणारी-अडवणारी छोटी तोटी, बंद आहे. जावयांच्या गाडीत जाणारा पाईप कोमट होता आणि येणारा अगदी गार. म्हणजे एकाच गाडीत दोन दोष नांदत होते.

इंजिन पूर्ण निवल्यावर मी थर्मोस्टॅटचे घर उघडले. आत तो नव्हता. त्याच्या खाचेत जुन्या सिलिकॉन पेस्टचा लाल ओघळ तेवढा सुकून चिकटलेला होता. नंतर कॉइलचे दोन्ही पाईप काढून, परत येणाऱ्या बाजूने बागेच्या नळीचे पाणी अगदी बारीक धारेने सोडले. जोराची धार देऊ नये, कॉइलच्या नळ्या नाजूक असतात. सुरुवातीला तांबडे गंजाचे पाणी आले, आणि मग पिवळट, लापशीसारखा घट्ट गाळ गठ्ठ्यागठ्ठ्यांनी पडू लागला. तो मी बोटावर घेऊन पाहिला. हळद होती.

हळदीचा हा उपाय आपल्या वाचकांपैकी अनेकांना माहीत असेल. रेडिएटरला बारीक गळती लागली की मूठभर हळद आत टाकायची. ती फुगून भोक बुजवते. आडरानात, रात्रीच्या वेळी, घरी पोहोचण्यापुरता हा उपाय करणाऱ्याला मी दोष देणार नाही. आमच्या वस्तादांनीही तो केलेला मी पाहिला आहे. परंतु हळदीला गळतीचे भोक आणि कॉइलची नळी यांतला फरक कळत नाही. जिथे वाट अरुंद, तिथे ती साचते, आणि गाडीतली सर्वांत अरुंद वाट हीटरच्या कॉइलमध्ये असते. घरी पोहोचल्यावर रेडिएटर दुरुस्त करून सारी यंत्रणा स्वच्छ पाण्याने धुऊन काढायला हवी. ते बहुधा होतच नाही, कारण गळती थांबलेली असते. गळती बुजवण्याच्या ज्या तयार पुड्या आणि बाटल्या बाजारात मिळतात, त्यांच्याबद्दलही माझे मत हेच आहे.

आता वॉल काढण्याच्या प्रथेकडे येतो. ती कुठून आली हे मला समजते. पूर्वीच्या गाड्यांचे रेडिएटर लहान असत, पाणी विहिरीचे किंवा नदीचे भरले जाई, आणि मे महिन्यात धुळे-जळगावकडच्या चढावर गाडी तापून उभी राही. अशा वेळी वॉल काढला की पाणी सतत रेडिएटरमधून फिरे आणि काटा खाली येई. कार्ब्युरेटरच्या त्या इंजिनांना त्याचा तोटा होत असला तरी तो लगेच दिसत नसे. शिष्याने वस्तादांचे पाहून केले, त्याच्या शिष्याने त्याचे पाहून केले, आणि इंजिने बदलली तरी सवय राहिली. आजच्या इंजिनात कूलंटचे तापमान मोजणारा सेन्सर असतो आणि त्याच्या आकड्यावरून किती इंधन सोडायचे हे गाडीचा संगणक ठरवतो. वॉल नसेल, तर हमरस्त्यावर तासभर धावल्यानंतरही संगणकाला इंजिन गारच वाटते, आणि थंडीत सुरू केलेल्या गाडीला जसे जादा पेट्रोल लागते तसे तो ते देत राहतो. मायलेज घटते, धूर वाढतो. न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल धुऊन खाली ऑइलमध्ये मिसळते. शिवाय इंजिन पुरेसे तापत नसल्यामुळे ऑइलमधला ओलावा उडून जात नाही. जावयांच्या गाडीचे ऑइल भरण्याचे झाकण उघडले तेव्हा त्याच्या आतल्या बाजूला सायीसारखा पांढरट थर बसलेला होता. गाडीच्या संगणकातले दोष वाचणारा स्कॅनर लावल्यावर पी ०१२८ हा कोड निघाला, ज्याचा अर्थच कूलंट अपेक्षित तापमानापर्यंत पोहोचत नाही असा आहे. तो कोड मागच्या सर्व्हिसला कोणी पाहिला असता, तर मनालीची वेळ आली नसती.

एवढ्यावरही कोणी म्हणेल की गाडी निदान तापत तरी नाही. तेही सर्वत्र खरे नाही. अनेक इंजिनांत थर्मोस्टॅटला खालच्या बाजूला दुसरी चकती असते. वॉल उघडला की ती चकती बायपासची आखूड वाट बंद करते, म्हणजे सगळे कूलंट रेडिएटरकडे जावे. असा वॉल काढून टाकला की आखूड वाट कायमची उघडी राहते, गरम कूलंटचा एक भाग रेडिएटरला न शिवताच इंजिनात परत येतो, आणि भर उन्हात, घाटात, नेमक्या गरजेच्या वेळी इंजिन जास्त तापते. गाडी तापत असेल तर रेडिएटर चोंदला आहे का, पंख्याचा रिले (विजेचा स्विच) गेला आहे का, रेडिएटरच्या झाकणाचा दाब राहतो का, वॉटर पंपाची पाती झिजली आहेत का, हे शोधावे लागते. वॉल खरोखर बंद अडकलेला असेल, तर नवा बसवावा. मॉडेलप्रमाणे तो काहीशे रुपयांपासून दीड-दोन हजारांपर्यंत मिळतो. वॉल काढून टाकणे म्हणजे ताप मोजायचे थर्मामीटर फेकून देऊन रोगी बरा झाला म्हणण्यासारखे आहे.

वॉल ठीक आहे की नाही हे घरच्या घरी पाहता येते, आणि वर्गात मुलांना सर्वांत जास्त आवडणारा प्रयोग हाच होता. गार वॉल उजेडासमोर धरावा. फटीतून उजेड दिसता कामा नये. मग पातेल्यात पाणी घेऊन त्यात तो दोऱ्याने असा लोंबकळत सोडावा की तळाला टेकणार नाही, शेजारी थर्मामीटर धरावे आणि गॅस लावावा. आतल्या पितळी कुपीत मेण असते. ते वितळून फुगू लागले की स्प्रिंगला दाबत चकती हळूहळू वर सरकते. वॉलवरच कोरलेल्या आकड्याच्या जवळपास ती सुटायला हवी आणि पाणी उकळेपर्यंत चांगली उघडायला हवी; पातेले खाली ठेवले की पुन्हा घट्ट बसायला हवी. जावयांसाठी आणलेला नवा वॉलही मी बसवण्याआधी असाच पातेल्यात पाहिला. आकडा ८८ होता, चकती ८७ ला हलली.

थंड हवेची सगळीच कारणे वॉलमध्ये नसतात, हेही सांगितले पाहिजे, नाहीतर वाचक उगाच नवा वॉल बसवून निराश होतील. सर्वांत साधे आणि सर्वांत अधिक आढळणारे कारण म्हणजे कूलंट कमी असणे. हीटरची कॉइल पुष्कळ गाड्यांत उंचावर असते, त्यामुळे पातळी घटली की पहिल्यांदा तिच्यात हवा शिरते. डॅशबोर्डच्या मागून पाणी खळखळल्यासारखा आवाज येतो, आणि ॲक्सिलरेटर दाबला की हवा गरम, गाडी थांबली की गार, असा खेळ चालतो. याला आम्ही एअर लॉक म्हणतो. इंजिन गार असताना पातळी पुरी करून, गाडीचे तोंड चढाकडे करून, हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन चालू द्यावे आणि रेडिएटरचा पंखा दोनदा सुरू होऊन बंद होईपर्यंत हवेचे बुडबुडे निघू द्यावेत. काही गाड्यांत हवा काढण्यासाठी वेगळा स्क्रूही असतो. मात्र इंजिन तापलेले असताना रेडिएटरचे किंवा कूलंटच्या टाकीचे झाकण कधीही, कोणत्याही घाईत उघडू नये. दाबाखालचे कूलंट शंभर अंशांच्या वर असू शकते आणि झाकण सुटताच ते उकळून तोंडावर उडते. असे भाजलेले हात मी पाहिले आहेत.

पातळी पुरी केल्यावर पुन्हा घटत असेल, तर कूलंट कुठेतरी जात आहे. शेजारच्या सीटखालची चटई ओली, आत गोडसर वास आणि काचेवर पुसूनही न जाणारा तेलकट पापुद्रा, ही हीटरची कॉइल गळत असल्याची लक्षणे आहेत. सायलेन्सरमधून इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येत असेल आणि टाकीत बुडबुडे येत असतील, तर हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचे हेड यांच्यामधल्या पातळ पत्र्याचा, संशय घ्यावा आणि गाडी पुढे रेटू नये. हीटर गार आणि काटा मात्र लाल खुणेकडे चढतो आहे, ही जोडी दिसली तर त्याच क्षणी गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे. कूलंट संपले आहे किंवा वॉटर पंप फिरवत नाही.

दोन्ही पाईप गरम असूनही हवा गार असेल, तर आतला फ्लॅप, म्हणजे गरम-गार हवेची वाट बदलणारी झडप, सरकत नाही. जुन्या गाड्यांत नॉबची केबल क्लिपमधून निसटते, किंवा हीटरचा कॉक वर्षानुवर्षे न फिरवल्यामुळे गंजून बसतो. नव्या गाड्यांत फ्लॅप फिरवणारी छोटी मोटर खराब होते आणि तापमान बदलताना डॅशबोर्डच्या आत टकटक आवाज येतो. यावर एक सोपा उपाय आहे. भर उन्हाळ्यातही महिन्यातून एकदा पाच मिनिटे हीटर लावावा, म्हणजे कॉक, केबल आणि फ्लॅप मोकळे राहतात आणि कॉइलमध्ये कूलंट साचून राहत नाही. विजेवर चालणाऱ्या मोटारींत इंजिनच नसल्यामुळे हीटरची रचना वेगळी असते, तो विषय या पत्राचा नाही.

कूलंटबद्दल थोडे लिहितो, कारण हळदीइतकाच पाण्याचाही प्रश्न आहे. आमच्या भागातल्या बोअरवेलच्या पाण्यात क्षार किती असतात हे चहाच्या भांड्याच्या तळाशी रोज दिसते. तेच पांढरे किटण रेडिएटरच्या आणि कॉइलच्या नळ्यांत बसते. कूलंट फक्त बर्फाच्या प्रदेशात लागते असा समज आहे. प्रत्यक्षात त्यातले ग्लायकोल गोठण्याचा बिंदू खाली नेते, अर्ध्यास अर्धे मिश्रण उणे ३७ अंशांच्या आसपास गोठते, तसेच ते उकळण्याचा बिंदूही वर नेते, आणि त्यातली रसायने गंज रोखतात. म्हणजे ते निफाडच्या थंडीला लागते आणि जळगावच्या उन्हालाही. तयार मिश्रण घ्यावे, नाहीतर डिस्टिल्ड वॉटर वापरावे, वेगवेगळ्या प्रकारचे कूलंट एकमेकांत मिसळू नये, आणि कंपनीच्या पुस्तिकेतल्या मुदतीत बदलावे. काढलेले कूलंट अंगणात ओतू नये. ते चवीला गोड आणि विषारी असते. कुत्री, वासरे ते चाटतात आणि मरतात.

हीटरची गरज फक्त थंडीत असते हेही बरोबर नाही. पावसाळ्यात कसाऱ्याच्या घाटात, इगतपुरीच्या धुक्यात, ओल्या कपड्यांनी पाच माणसे गाडीत बसली की काच आतून क्षणात धुरकटते. अशा वेळी बाहेरची हवा आत घ्यावी, एसी चालू ठेवून हवेतला ओलावा काढावा आणि सोबत थोडी ऊब काचेकडे सोडावी. काच मिनिटभरात स्वच्छ होते. नुसता गार एसी काचेवर सोडला तर पावसाळी दमट हवेत तीच काच बाहेरून धुरकटू लागते. वॉल काढलेल्या गाडीत ही ऊबच मिळत नाही, आणि चालक रुमाल घेऊन बसतो. म्हणून घाटावरून रोज ये-जा करणाऱ्यांनी तरी ‘आपल्याकडे हीटर लागत नाही’ हे म्हणू नये.

माझी विनंती तीन ठिकाणी आहे. गॅरेज चालवणाऱ्या बांधवांना, ज्यांत माझे कित्येक विद्यार्थी आहेत, एवढेच सांगतो की वॉल काढावाच लागला, दुकानात तो मिळत नसला, तर गिऱ्हाईकाला तसे स्पष्ट सांगा, बिलावर लिहा, आणि आठवड्याभरात नवा बसवून द्या; न सांगता काढू नका. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतल्या माझ्या सहकाऱ्यांना विनंती की कूलिंगचा धडा शिकवताना थर्मोस्टॅट नसलेल्या इंजिनाचे तापमान आणि इंधन मुलांना प्रत्यक्ष मोजून दाखवावे. फळ्यावरच्या आकृतीने ही सवय जाणार नाही. आणि वापरलेली गाडी घेणाऱ्या वाचकांना सांगणे असे की, सौदा मे महिन्यात होत असला तरी चाचणीच्या फेरीत दहा मिनिटे हीटर पूर्ण गरमवर लावून बसा. घाम येईल, पण चांगली ऊब आली तर कूलंट, पंप, वॉल आणि कॉइल या चारही गोष्टींचा बराचसा अंदाज त्या घामातून येतो. जावयांनी गाडी घेतली ती मे महिन्यातच, आणि तेव्हा हीटर लावून पाहायचे मलाही सुचले नाही, याची रुखरुख मला आहे.

दिवाळीच्या सुटीत आणि नाताळात उत्तरेकडे गाडी घेऊन निघणाऱ्या कुटुंबांसाठी आपल्या दैनिकाने ऑक्टोबरमध्येच कूलंट, वॉल आणि हीटर यांच्या तपासणीची माहिती सोप्या भाषेत छापावी. तपासणीला अर्धा तास पुरतो. जावयांच्या गाडीचा काटा आता सातव्या मिनिटाला मध्यावर येतो आणि तिथेच थांबतो, आणि गेल्या रविवारी सकाळी सहा वाजता नाशिकला जाताना नातीने पायातले मोजे काढून पाय हीटरच्या जाळीसमोर धरले होते.

आपला,
एक निवृत्त शिल्पनिदेशक
ता. निफाड, जि. नाशिक